प्राणिसंग्रहालयातले शनिवार



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअरवर नको. अर्धी बॅच त्याच धंद्यात आहे, उरलेली अर्धी त्यांच्याशी लग्न करून बसली आहे." त्यामुळे मी आज कोडबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मी बोलणार आहे माझ्या शनिवारांबद्दल.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी सिएटलमध्ये राहते आणि गेली काही वर्षं तिथल्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात शनिवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला होता. गमबूट, ओला एप्रन, हातात झाडू. कौतुकाचे बरेच अंगठे आले. त्यांच्यामध्ये एका मित्राचा प्रश्न आला. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्ताच हसायला लागला आहे. त्याने लिहिलं होतं, "कोंडून ठेवलेल्या प्राण्यांची सेवा कसली करतेस? त्यांना सोडून द्या, तीच सेवा."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. प्रश्न बरोबर होता आणि फोनवर अंगठ्याने टाइप करून संपण्यातला नव्हता. आज माईक हातात आहे, तर प्रयत्न करते.

आपल्या पिढीचं प्राणिसंग्रहालय म्हणजे पेशवे पार्क. फुलराणीत बसायचं, हत्ती बघायचा, भेळ खायची आणि मग पिंजऱ्यांपुढून रांगेने जायचं. तिथला वाघ कसा चालायचा आठवतंय? या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण्याची जागा ठरलेली, पाऊल ठरलेलं. आपल्याला वाटायचं वाघ असाच चालतो. वर्गात त्याची नक्कल करणारे दोन-तीन जण इथे हजर आहेत. त्या येरझाऱ्यांना प्राणिशास्त्रात एक नाव आहे, आणि तो बहुतेक वेळा कंटाळ्याचा आणि ताणाचा परिणाम असतो, हे मला कळायला वयाची पस्तिशी उलटावी लागली. दोष कोणा एका बागेचा नव्हता. जगभर प्राणिसंग्रहालयं अशीच होती. सिमेंटची जमीन, धुवायला सोपी. लोखंडी गज, बघायला सोपे. सगळी सोय आपली, प्राण्याची काहीच नाही.

मी ज्या संग्रहालयात जाते तेही १८९९ पासूनचं आहे आणि तिथेही अशीच सिमेंटची घरं होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी गोरिलांसाठी वेगळी जागा केली. झाडं, उंचसखल जमीन, मोठे दगड, दाट झुडपं. आता हे सगळीकडे दिसतं, तेव्हा ते नवीन होतं. लोकांची तक्रार असायची की गोरिला दिसतच नाही. अजूनही असते. शनिवारी लहान मुलं काचेला नाक लावून पाच मिनिटं उभी राहतात आणि म्हणतात, "इथे कोणी नाहीच." तेव्हा आम्ही स्वयंसेवक सांगतो, "आहे, पण तिला आत्ता बाहेर यायचं नाहीये." या वाक्याचं वजन मला पुढे कळलं. त्याकडे येतेच.

मी गेले कशी? मुलगी लहान असताना तिला घेऊन जायचे. फाटकाशी स्वयंसेवक हवेत अशी पाटी होती. आठवडाभर मी ज्या गोष्टी बनवत होते त्यांना वास नव्हता, वजन नव्हतं, भूक नव्हती. म्हटलं, बघू. अर्ज केला, मुलाखत झाली, वर्ग झाले. मनात चित्र असं होतं की मी एखाद्या पिल्लाला बाटलीने दूध पाजते आहे.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही, की तुम्ही प्राण्यांना हात लावणार नाही. इतक्या वर्षांत मी किती प्राण्यांना हात लावला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. मी भांडी घासली आहेत. घमेली, बादल्या, पाण्याच्या टाक्या. लेट्यूसचे गड्डे आणि रताळी किलोकिलोने चिरली आहेत. प्रत्येक प्राण्याच्या नावाचा ताट-तक्ता असतो. अमुक इतके ग्रॅम पाला, इतक्या ग्रॅम भाज्या. वजनकाट्यावर ठेवून द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं परत मोजायचं. माझी आजी म्हणायची, ताटात काय उरलंय यावरून माणसाची तब्येत कळते. तिथे तेच शास्त्र ग्रॅममध्ये चालतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जंगलात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो, म्हणून बहुतेक प्राणी आजार लपवतात. लंगडायला लागेपर्यंत किंवा कोपऱ्यात बसेपर्यंत दुखणं फार पुढे गेलेलं असतं. त्याआधी बोलतात त्या गोष्टी तीन. वजन, खाणं आणि विष्ठा. त्यामुळे तिथले कीपर सकाळी भेटले की हवापाण्याच्या गप्पांऐवजी शेणाच्या गप्पा मारतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

दुसरी गोष्ट कुलपांची. मोठ्या प्राण्यांच्या प्रत्येक जागेला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बंद केलं की ओढून बघायचं, तोंडाने मोठ्याने म्हणायचं, आणि दुसऱ्याने पुन्हा ओढून बघायचं. वीस वर्षं काम केलेला कीपरही हे रोज करतो. "मला पाठ आहे" हे वाक्य तिथे कौतुकाचं नाही, काळजीचं मानलं जातं.

तिसरी गोष्ट निरीक्षणाची. दुसऱ्या वर्षी मला हे काम मिळालं. हातात घड्याळ आणि तक्ता. ठरलेल्या अंतराने मान वर करायची आणि त्या क्षणी प्राणी काय करतोय त्याची एक खूण करायची. चालतोय, खातोय, झोपलाय, अंग खाजवतोय, त्याच वाटेने येरझाऱ्या घालतोय, दिसत नाही. तक्त्यात "उदास" हा रकाना नाही. "खूश" नाही, "रागावलेला" नाही. मी एकदा विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी नुसतं काय दिसलं ते लिही. अर्थ आपण महिन्याने सगळे मिळून लावू." आपल्या जीवशास्त्राच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही बेडकाची आकृती काढताना सांगायचात, पुस्तकातला नको, ट्रेमधला काढ. तेच वाक्य मला सातासमुद्रापलीकडे पुन्हा भेटलं.

आता गोरिलांबद्दल सांगते, कारण माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तिथेच बघितलं.

संग्रहालयांतल्या प्रौढ नर गोरिलांना हृदयविकार बऱ्याच प्रमाणात होतो. त्यामुळे हृदयाची सोनोग्राफी वरचेवर करावी लागते. दीडशे किलोंहून जड जनावराची सोनोग्राफी करायची कशी? जुनी पद्धत म्हणजे भुलीचं इंजेक्शन मारायचं. पण ज्याचं हृदय दुखरं असण्याची शंका, त्याला भूल देण्यात धोका. मग अनेक ठिकाणी कीपरांनी दुसरा रस्ता धरला. जाळीच्या अलीकडे माणूस, पलीकडे गोरिला. पहिले काही दिवस तो फक्त जाळीजवळ आला तरी शाबासकी आणि खाऊ. मग छाती जाळीला टेकवली तर. मग सोनोग्राफीच्या यंत्रासारखी दिसणारी एक कांडी नुसती दाखवली तर. मग ती छातीला एक सेकंद लागली तर. मग दोन सेकंद. मग थंडगार जेल. याला काही महिने लागतात. शेवटी तो आपणहून येतो, छाती पुढे करतो, आणि डॉक्टर पडद्यावर हृदय बघतात.

यात एक नियम मोडायचा नसतो. तो उठून गेला तर जाऊ द्यायचं. हाक मारून परत बोलवायचं नाही, दार लावून अडवायचं नाही, त्याचं जेवण रोखायचं नाही. खाऊ हा जेवणाच्या वरचा. तो गेला तर त्या दिवशी सोनोग्राफी नाही. मला वाटायचं, अशाने काम कधी होणार? तर उलट दिसतं. उठून जाता येतं हे ज्याला ठाऊक असतं तो जास्त वेळ थांबतो.

मित्रमैत्रिणींनो, आता थोडं घरचं बोलते. माझी आई तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. मधल्या सुट्टीत माझा डबा मला कधी पूर्ण मिळाला नाही, कारण शनिवारी तिची साबुदाण्याची खिचडी असायची आणि डबा उघडायच्या आत चार हात यायचे. बाबा गेल्यावर २०१८ मध्ये ती माझ्याकडे आली. वर्षभरात विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग वार, मग माझ्या मुलीचं नाव. स्मृतिभ्रंश हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा आम्ही त्याच्या आधीच तिथे पोचलो होतो.

सगळ्यात अवघड होती अंघोळ. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना सांगायला नको. जन्मभर पहाटे पाचला अंघोळ करणारी बाई न्हाणीघराच्या दाराशी घाबरून उभी राहायची. कपडे काढायला हात पुढे केला की ओरडायची. तिच्या दृष्टीने एक अनोळखी बाई तिच्या अंगावरचं लुगडं ओढत होती. अंघोळ होईपर्यंत दोघी रडकुंडीला यायचो.

मी जे सांगणार आहे त्याने कोणाला वाटेल, ही आईला जनावरांच्या पंगतीला बसवते. तसं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्याशी शब्दांनी बोलता येत नाही त्याच्याशी कसं वागावं हे मला दुसऱ्या कोणी शिकवलेलंच नव्हतं. ते मी शनिवारी बघत होते.

म्हणून मी तुकडे पाडले. रोज एकच वेळ, एकच क्रम. इथून शिकेकाई मागवली आणि अंघोळीआधी वाटीत भिजवून तिच्याजवळ ठेवायला लागले. नाव विसरली होती, पण वास विसरली नव्हती. पहिला आठवडा आम्ही फक्त न्हाणीघरात स्टुलावर बसून आलो. मग पायांवर पाणी. तेही मी नाही, तांब्या तिच्या हातात. मग हात, मग पाठ. अंगावर कायम एक पंचा, कारण तिला उघडं वाटता कामा नये. आणि "नको" म्हणाली की थांबायचं. चहा प्यायचा, तासाभराने पुन्हा विचारायचं. काही दिवस अंघोळ झालीच नाही, ओल्या पंचाने अंग पुसून भागवलं. पण ओरडणं महिन्याभरात थांबलं. शिकेकाईची वाटी दिसली की ती स्वतःच उठून चालायला लागायची. पुढे एकेकदा तिने माझ्याच पाठीवर पाणी घातलं आणि म्हणाली, "मान नीट चोळ."

आई २०२२ मध्ये गेली. शेवटची दोन वर्षं तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण माझा हात लागला की ती आकसत नव्हती. मला त्याचं समाधान आहे, आणि त्यातला मोठा वाटा ज्यांची नावंही मी इथे घेत नाही त्या कीपरांचा आणि जाळीपलीकडच्या एका गोरिलाचा आहे.

आता तिसऱ्या रांगेचा प्रश्न. सोडून का देत नाही?

एक उत्तर कासवांचं. वॉशिंग्टन राज्यात वेस्टर्न पॉन्ड टर्टल नावाचं तळ्यातलं कासव आहे. १९९० च्या सुमारास संपूर्ण राज्यात ती दीडशेच्या आसपास उरली होती. तळी बुजवली गेली होती, आणि देशाच्या पूर्वेकडून आणून सोडलेला बुलफ्रॉग नावाचा आडदांड बेडूक त्यांची रुपयाएवढी पिल्लं गिळत होता. १९९१ पासून संग्रहालय आणि राज्याचं वन्यजीव खातं एक काम करतं आहे. अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं आणायची, थंडीभर उबेत ठेवून खाऊ घालायची. जंगलात ती हिवाळा झोपून काढतात, इथे खात राहतात. दहा महिन्यांत ती जंगलातल्या तीन वर्षांच्या कासवाएवढी होतात, म्हणजे बेडकाच्या तोंडात मावत नाहीत. मग वजन, खूण, आणि पुन्हा तळ्यात. आजवर अशी दोन हजारांहून जास्त कासवं सोडली आहेत. एवढ्याने प्रश्न सुटलेला नाही. बेडूक अजून आहेत, कासवांच्या कवचाला होणारा एक आजार ही नवी काळजी आहे. पण जी संपणार होती ती आहेत. म्हणजे मित्रा, आम्ही सोडून देतो. सोडल्यावर जगतील इतकी मोठी करून.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडं मेली. २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर गिधाडं नावालाच उरली होती. हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं २०२४ च्या सुरुवातीला आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. पिंजरे नसते तर आणायला काही उरलं नसतं.

दुसरं उत्तर तुझ्या बाजूचं आहे. सगळ्या प्राण्यांना संग्रहालय मानवत नाही. हत्तीचंच घ्या. मैलोन्‌मैल चालणारा, नात्यागोत्यात राहणारा प्राणी. सिएटलमध्ये हत्तींवरून अनेक वर्षं वाद झाला, मोर्चे निघाले, आणि २०१५ मध्ये उरलेल्या दोन हत्तिणी दुसऱ्या संग्रहालयात पाठवून हत्ती ठेवणं बंद झालं. मला विचाराल तर ते बंद व्हायलाच हवं होतं. तिथे काम करते म्हणून मी त्याची वकिली करणार नाही.

आणि तिसरं उत्तर असं, की पिढ्यान्‌पिढ्या माणसांत जन्मलेल्या गोरिलाला आज दार उघडून दिलं तर तो जाणार कुठे? त्याचं जंगल आपण आधीच वापरून टाकलं आहे. तो आहे तोवर त्याला नीट जगवणं हे आपलं देणं आहे. सेवा म्हण किंवा म्हणू नकोस, देणं मात्र आहे.

त्यामुळे प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट, असं मी एका शब्दात सांगत नाही. मी चार प्रश्न सांगते, ते घेऊन तुम्ही कुठेही जा. प्राण्याला आपल्यापासून लपायला जागा आहे का? त्याला दिवसभर करायला काही आहे का, की अन्न नुसतं ताटात येऊन पडतं? तो आजारी पडला तर कळण्याची काही रीत आहे का? आणि इथून कधी कोणी जंगलात परत गेलं आहे का? जिथे या प्रश्नांची उत्तरं मिळतात तिथे तिकिटाचे पैसे आनंदाने द्या. जिथे मिळत नाहीत तिथे विचारत राहा. आपल्याकडे १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, त्याच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येत नाही. विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. उद्या तुमच्यापैकी काही जण मुलांना घेऊन तिथे जाणार आहेत, ग्रुपवर वाचलं. माझी एवढीच विनंती आहे. खाऊ टाकू नका, अगदी एक शेंगदाणासुद्धा. तो कोणाच्या तरी तक्त्यात मोजलेला नसतो. काचेवर टकटक करू नका. आणि बिबट्या दिसला नाही तर मुलांना "चला, काही नाहीये इथे" असं म्हणू नका. सांगा की तो आहे, पण त्याला आत्ता बाहेर यायचं नाही. थोडं थांबून बघा. नाही आला तर पुन्हा कधीतरी जा.

आपल्या वयाला आता प्रत्येकाच्या घरात कोणीतरी सांभाळायचं आहे. कोणाचे आईवडील, कोणाचं खास गरजा असलेलं मूल, कोणाची सासू. त्यात कोणाला माझ्या शिकेकाईच्या वाटीचा उपयोग झाला तर मला फोन करा. रात्रीसुद्धा करा, तेव्हा माझ्याकडे दिवस असतो.

बाई, सर, तुम्ही आम्हाला बाकावर बसवून शिकवलंत. पण तुमच्यातल्या ज्यांनी आम्हाला कधीतरी वर्गाबाहेरच्या झाडाखाली गप्प बसू दिलं, काय झालं ते लगेच विचारलं नाही, त्यांची आठवण मला तिथे काम करताना फार वेळा येते.